पांढरी दाढी

"तुमच्या बाबांचं जग पाहून झालंय, ताबिल्दी बायके," जोलोन म्हणाला. बायके म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ. "माझ्या ऐपेरीला अजून पोरीचा पहिला दात बघायचाय."

ताबिल्दीने त्याच्या तोंडावर ठोसा हाणला.

जोलोन इस्पितळाच्या भिंतीशी बर्फात बसला. जिभेने दात चाचपून झाल्यावर तो रक्त थुंकला. "बाजारातलं ऐकून माणसं मारतोस?"

"तुझं ऐकून मारलं."

दोघेही आजही सकाळपासून या एकाच खिडकीशी उभे होते. फ्लूने सगळं खोरं आडवं केलं होतं आणि नातलगांना आत सोडत नव्हते. खिडकीपलीकडे दोन खाटा. एकीवर ताबिल्दीचा बाप शेरमंबेत, दुसरीवर जोलोनची बायको. श्वासाचं यंत्र मात्र एकच मोकळं झालं होतं. ते कसं मोकळं झालं, हे कुणी विचारत नव्हतं.

यंत्र कुणाला, ते डॉक्टरीणबाई दुपारी ठरवणार होत्या. बाजारात ते आधीच ठरलं होतं. पाववालीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत जो तो सांगत होता, पांढऱ्या दाढीला यंत्र मिळत नाही, वरून तसा हुकूम आलाय. हुकूम कुणी पाहिला नव्हता. पण न पाहिलेल्या गोष्टीवर आमच्या लोकांचा जेवढा विश्वास, तेवढा स्वतःच्या डोळ्यांवर नसतो.

काचेवर बर्फ धरला होता. ताबिल्दीने तो नखांनी खरवडला आणि आत पाहिलं.

बुर्माकान नर्स त्याच्या बापावर वाकली होती. तिच्या हातात वस्तरा होता. ज्या दाढीला पाहून अख्खं गाव उठून उभं राहायचं, ती शेरमंबेतची दाढी झुबक्याझुबक्याने टॉवेलवर पडत होती. म्हातारा डोळे मिटून निपचित होता. यंत्र चाकांच्या गाड्यावर दोन खाटांच्या मधोमध उभं होतं.

ताबिल्दी खाटीक होता. वर केलेली मान आणि गळ्याशी पातं, हे त्याला एकाच कामासाठी माहीत होतं.

"धुवायला काढलं," तो म्हणाला. "जिवंतपणीच बाबांना प्रेतासारखं धुवायला काढलं यांनी."

"अरे, आधी विचार तरी," जोलोन खालूनच म्हणाला.

पायऱ्यांवरचा बर्फ फोडायची पहार भिंतीला टेकवलेली होती. पहिल्या घावाला काच गेली, दुसऱ्याला चौकट. ताबिल्दी आत चढला तेव्हा त्याच्या चिरलेल्या तळहाताची कातडी लोंबत होती आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"ताबिल्दी, ऐक माझं," बुर्माकान मध्ये आली. त्याने कोपराने तिला बाजूला फेकलं. ती खाटेच्या लोखंडावर आदळली, ओठ फाटला. आवाजाने वॉर्डातला नोकर ओस्मोन धावत आला. त्याच्या गुडघ्यावर पहार बसली. हाड मोडल्याचा आवाज खिडकीबाहेर जोलोनलाही ऐकू गेला. ओस्मोन दारातच कोसळला आणि कुत्र्यासारखा विव्हळत राहिला.

"तिला देणार होतात ना हे?" ताबिल्दीने यंत्राकडे पहार रोखली.

"तसं नाही रे, थांब..."

"माझ्या बाबांना नाही, तर कुणालाच नाही."

आधी यंत्राचा पडदा फुटला. मग पेटी. मग तो नुसता मारतच सुटला, तुकड्यांचेही तुकडे होईपर्यंत. शेजारच्या खाटेवर ऐपेरीने ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायलाही श्वास लागतो. खरं सांगायचं तर ताबिल्दीला बरं वाटत होतं. इतके दिवस खिडकीत नुसतं उभं राहून त्याचे हात शिवशिवत होते. आज बापासाठी ते कामाला आले होते.

मग तो दमला. फुटक्या खिडकीतून वारा आत येत होता.

बुर्माकान खाटेला धरून उठली. टॉवेलच्या कोपऱ्याने तिने ओठ पुसला. टॉवेलवर पांढरे केस होते, ते तिच्या रक्ताला चिकटले.

"दाढीवर मास्क बसत नाही," ती म्हणाली. "कडेने हवा निसटते."

"मग?"

"मग काय. यंत्र लावायचं म्हणून काढली दाढी. मी कचरत होते. तेच म्हणाले, काढ पोरी, परत येईल." तिने मोडक्या पेटीकडे पाहिलं. "आधी तुझे बाबा. संध्याकाळी ऐपेरी. आळीपाळीने लावायचं, डॉक्टरीणबाईंनी मघाशीच ठरवलं होतं."

ताबिल्दीच्या हातातून पहार सुटली.

खिडकीच्या मोकळ्या चौकटीत जोलोन उभा होता. "बायके," त्याने विचारलं, "आता संध्याकाळी काय?"

ताबिल्दीने मागे वळून पाहिलं नाही. तो बापाकडे बघत होता. शेरमंबेतने डोळे उघडले होते. दाढीशिवाय त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. हनुवटीला खळी होती, थेट ताबिल्दीच्या हनुवटीला आहे तशी. ती त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिली. म्हाताऱ्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि ओठांच्या कडा निळ्या पडत चालल्या होत्या.

मास्क उशीशी पडला होता. ताबिल्दीने त्यावरचे काचेचे कण बाहीने झटकले. रक्ताळलेल्या हातांनी तो बापाच्या तोंडावर ठेवला, पट्टे डोक्यामागे ओढले आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

मास्क घट्ट बसला. कुठेही फट राहिली नाही. नळीचं दुसरं टोक खाली काचांत पडलं होतं.