दाजींची थट्टा

"मॅडम, हा छळ धरायचा की नाही, एवढंच सांगा," फोनवर मेघश्याम म्हणाला.

वृषाली त्या ऑनलाइन खेळाच्या तक्रार विभागात होती. मनगटावरच्या पट्ट्यातून नाडी, श्वास, झोप टिपून हा खेळ ज्याची त्याची गोष्ट रचायचा. अलीकडे त्या गोष्टींचे शेवट खरे होऊ लागले होते. तेव्हापासून कुणाचा शेवट आधीच फोडणं हा छळ ठरला होता. तक्रार तपासून झाली, की खरा शेवट फोडणाऱ्याचं खातं खेळ आपणहून बंद करायचा. खोटा सांगितला असेल तर ती नुसती थट्टा.

"दाजींनी माझ्या फोनवर पुढचं खेळून बघितलं. जेवताना म्हणाले, 'दिवाळीचा फराळ आत्ताच खाऊन घ्या, पाव्हणं.' एरवी स्वतःच्याच थट्टेवर सगळ्यांत आधी हसतात. आज हसले नाहीत."

वृषालीने त्याचा शेवट उघडला. दारात आकाशकंदील अर्धवट टांगलेला होता. पायरीवर चपलाच चपला होत्या, आणि घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

छळ म्हटलं, तर त्याला सगळंच कळणार होतं.

"छळ कसला हो," ती कशीबशी म्हणाली. "थट्टाच केलीय त्यांनी."

मेघश्यामने सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी काहीतरी पुटपुटलं.

"मॅडम," त्याचा आवाज एकदम खाली आला, "मग दाजींचं खातं आत्ता बंद का झालं?"