दाब, धर, सोड

जियालालची धाकटी लेक लग्न होऊन सांगल्याला गेली, त्याच वर्षी पाल्मोची पिकअप पहिल्यांदा त्याच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानी आली. सफरचंदं उतरायला अजून अवकाश होता. पेडल मऊ पडलं होतं. दाबलं की पाय लोण्यात गेल्यासारखा खाली जायचा.

"ब्रेकमध्ये हवा शिरली आहे," जियालाल म्हणाला. "भाभी, तुम्हालाच आत बसावं लागेल. आता माझ्याकडे दाबायला कोणी नाही."

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं पडून दहाच्या पान्याने निपल, म्हणजे ब्रेकच्या तेलाची बारीक तोटी, उघडायचं, बुडबुडे निघून गेले की बंद करायचं. आजवर आत लेक बसायची. सवयीने जियालाल खालून ओरडला, "दाब!" मग ओशाळून म्हणाला, "दाबा, भाभी."

"दाबच म्हणा," वरून आवाज आला. "असं मला आता कोणी म्हणत नाही."

पाल्मोचा नवरा जाऊन दोन हिवाळे झाले होते. मुलगा चंदीगडला. वरच्या गावातल्या बागेत ती एकटी राहायची. गाडी चालवायला ती नवरा गेल्यावर शिकली होती.

"दाब." "दाबलं." "धर." "धरलं." "सोड." चारही चाकं झाली. पेडल घट्ट झालं. ती गेली.

महिना झाला नाही तोच गाडी परत आली. पेडल पुन्हा मऊ. जियालालने ते मनाला लावून घेतलं. केलेलं काम परत येणं त्याला माहीत नव्हतं. त्याने पैसे घेतले नाहीत. वॉशर बदलले, नळ्या बदलल्या. मागच्या डाव्या चाकाच्या निपलवरची रबरी टोपी नव्हती. दगडांवर आपटून पडली असेल म्हणून नवी बसवली. पाल्मो आत बसून दाबत होती, आणि मधूनमधून बोलत होती. शेळी व्याली ते सांगितलं. घरी रेडिओ सोडला तर कोणी बोलत नाही तेही सांगितलं. जियालाल खालून हुंकार द्यायचा.

नंतर ती येतच राहिली. घाटातून गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत कण्हत उतरायची, आणि आवाजावरूनच जियालालला कळायचं, कोण आलं ते. त्याच्या काळजात धस्स व्हायचं. खाली सतलज होती, आणि त्या वळणांवर मऊ पेडल घेऊन उतरणारी ही बाई. एखाद्या दिवशी ती यायची नाही, तिची बातमी येईल, असं त्याला वाटायचं. दरवेळी टोपी पडलेली. दरवेळी तेच चाक. मुख्य सिलिंडरही बदलून झाला, तरी गळती सापडेना. त्यातच त्याचा दहाचा पाना हरवला, दांड्यावर खाच असलेला, हाताला बसलेला. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरवर त्याने संशय घेतला.

समोरच्या चहावालीने पाल्मोला बरेचदा बोलावलं. बस घटकाभर, चहा घे, म्हणाली. पाल्मो मान हलवायची. काम नसताना बाजारात बसलेली विधवा लोकांच्या डोळ्यांवर येते, हे तिथं कोणाला सांगावं लागत नाही. गाडी झाली की ती लगेच निघायची. जाताना फळीवर वाळलेल्या जर्दाळूंची पुरचुंडी ठेवायची.

चहाच्या बाकड्यावर मात्र चेष्टा सुरू झाली होती.

"काय मिस्त्री, त्या बाईच्या गाडीतली हवा काढतोस की भरतोस?"

सगळे हसले. जियालालही हसला. पण त्या मोसमात दोन ट्रकवाले त्याच्या दारावरून पुढे रामपूरच्या मिस्त्रीकडे गेले, तेव्हा त्याला झोप लागली नाही. आयुष्यभरात त्याने एवढं एकच कमावलं होतं, नाव.

पहिलं बर्फ पडायच्या सुमारास ती पुन्हा आली. त्याने हवा काढली, हात पुसले आणि तिच्या खिडकीशी उभा राहिला.

"भाभी, यापुढे गाडी रामपूरला न्या. माझा हात गेला."

पाल्मो समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिली. "तिथं पेडल कोण दाबतं?"

"त्यांची माणसं असतात. तुम्ही नुसतं बाकावर बसायचं."

"तुम्हाला माझा त्रास होतो का, मिस्त्रीजी?"

"मला नाही. नावाला होतो."

"मग नाही आणणार," ती म्हणाली. त्या दिवशी पुरचुंडी नेहमीपेक्षा मोठी होती.

बर्फ पडलं, वरचा रस्ता बंद झाला. चैतात तो उघडला, आणि एका दुपारी ती पिकअप भरधाव खाली आली. दुकानापुढे गचकन थांबली, जागच्या जागी. आत पाल्मोचा भाचा सनम होता.

"गाडी विकायची आहे, मिस्त्रीजी. एकदा बघून घ्या."

"भाभी नाही आल्या?"

सनमने इंजिन बंद केलं. जियालालने दारातून हात घालून पेडल दाबलं. दगड. मत्सराने त्याने पुन्हा एकदा दाबून बघितलं.

"रामपूरला कोणी केलं हे?"

"कुठलं रामपूर? तुमच्याकडून आणली तशी अंगणात उभी होती. मामी म्हणायची, आता गाडीला काही झालेलं नाही, मग खाली कशाला जाऊ?"

जियालालने सीट उचलली. खाली फडक्यात काहीतरी बांधलेलं होतं. त्याने गाठ सोडली. आत रबरी टोप्या होत्या, त्याने बसवलेल्या, एकूण एक. आणि दांड्यावर खाच असलेला दहाचा पाना.

पाल्मो माघात वारली, रस्ता बंद असताना. अंगणात बर्फाखाली उभ्या असलेल्या गाडीचं पेडल तेव्हा घट्ट होतं.