महेंद्ररावांची बटणं

नागापूर एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात ड्रॉइंगचा पहिला कॉम्प्युटर आला तो ड्राफ्ट्समन महेंद्ररावांच्या टेबलावर. पाठोपाठ कॉम्प्युटर ड्रॉइंगचा कोर्स केलेला चेतन कामाला लागला, आणि आता आपली गरज उरणार नाही, असं महेंद्ररावांना वाटलं. त्यांनी ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा टूलबारच बदलून टाकला. बटणांवरची मूळ चित्रं पुसली आणि रेघेला ज्वारीचं ताट, कमानीला बैलाचं शिंग, वर्तुळाला बांगडी अशी आपली चित्रं काढली. आता बसू दे कुणालाही, काही कळणार नाही. चेतनने शिकवा म्हटलं, तर महेंद्रराव साहेबांसमोरच म्हणाले, "हे शिकवून येण्यातलं नाही." चेतन बिचारा ड्रॉइंग बोर्डावर पेन्सिलच चालवत राहिला.

वर्षभराने पुण्याच्या ऑफिसात एक माणूस पाठवायचं ठरलं. महेंद्ररावांची बायको यशोधरा तिथेच नर्स होती. लेकीला बाप फक्त रविवारी दिसायचा. पण साहेबांनी नाव घेतलं चेतनचं.

"साहेब, मला जाऊ द्या," महेंद्रराव कसेबसे म्हणाले. "इथलं सगळं मी चेतनला शिकवतो."

साहेबांनी मान हलवली.

"नको, महेंद्रराव. ते शिकवून येण्यातलं नाही, तुम्हीच म्हणाला होतात."