फक्त घरच ना?

हमी देणाऱ्याला करार वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, असा नियम. म्हणून तुरुंगासमोरच्या, फी घेऊन कैद्यांचा जामीन भरणाऱ्या दुकानात हॉलिस एकेक कलम मोठ्यानं वाचत होता. त्याआधी लायसन्सवरचा फोटो ताडून बघायला त्यानं अर्डीलियाला काळा चष्मा काढायला लावला होता. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. त्याबद्दल विचारायचं कलम करारात नव्हतं.

"तुमच्या नवऱ्यावरचा खटला उद्या रद्द झाला, तरी आमची फी परत मिळणार नाही, बाई."

"कळलं."

"तो तारखेला आला नाही, पळून गेला, तर तारण ठेवलेलं तुमचं घर जाईल."

"माझा वर्नेल कुठे पळतोय!" शेजारी बसलेली सासू फणकारली. "रात्री दारू पिऊन का होईना, घरीच येतो. तू कर गं सही. नाहीतर पोरं माझ्याकडेच राहतील, सांगून ठेवते."

अर्डीलियानं पेन उचललं.

"काही शंका?" हॉलिसनं नियमाप्रमाणे विचारलं.

"एकच. तो पळाला तर फक्त घरच जाईल ना?"

"हो. फक्त घर."

तिनं सही केली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "देवा, त्याला पळायची बुद्धी दे."