घराण्याचा आजार

इस्त्रीवालीने कामाचा झगा गुडघ्यापर्यंत वर घेतला. पोटरीवरच्या शिरा गाठी मारलेल्या दोरीसारख्या फुगल्या होत्या, घोट्याजवळची कातडी काळवंडली होती. फुगलेल्या शिरांवर संशोधन करणारी डॉक्टरीण वाकून बघत होती. मागे लॉन्ड्रीचा सुपरवायझर हाताची घडी घालून उभा.

डॉक्टरणीने फॉर्म भरायला घेतला. वय, वजन, बाळंतपणं. मग घरात आणखी कुणाला हा त्रास आहे का, असं विचारलं. आईला होता, मावशीला होता, थोरल्या बहिणीला अजून आहे, इस्त्रीवालीने सांगितलं. डॉक्टरणीने एका चौकटीत खूण केली. ही कसली खूण, असं इस्त्रीवालीने विचारल्यावर ती म्हणाली, आजार आनुवंशिक दिसतोय, म्हणजे घराण्यातूनच आलेला.

सुपरवायझरचा जीव भांड्यात पडला. मालकांना आपण हेच सांगत होतो, तो म्हणाला. बायका दुखणी घरून आणतात आणि नाव लॉन्ड्रीचं खराब होतं.

इस्त्रीवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आवाज तिने चढू दिला नाही.

"बाई, माझी आई याच टेबलाशी चोवीस वर्षं उभी होती. मावशी त्या पलीकडच्या. बहीण खिडकीजवळ, गेल्या वर्षीपर्यंत. घराण्यातून आलं म्हणता, ते हे."

मग उभं राहायचे तास कुठे लिहिलेत, असं तिने विचारलं. फॉर्ममध्ये तो प्रश्न होता, डॉक्टरीण कशीबशी म्हणाली. पण तो काढल्याशिवाय मालकांकडून आत यायची परवानगी मिळेना. आणि उपाय, इस्त्रीवालीने विचारलं. घट्ट मोजे घालायचे, दर तासाला पाय वर करून थोडं बसायचं, डॉक्टरीण म्हणाली.

हॉलभर एक खुर्ची नव्हती. इस्त्रीवालीने इस्त्री बंद केली, चादरींचा ढीग बाजूला सारला आणि पाय लांब करून टेबलावरच बसली. शेजारणीने एकदा सुपरवायझरकडे पाहिलं आणि तिनेही बटण बंद केलं. मग तिच्या पुढचीने. वाफ विरत गेली. अकरा टेबलांवर अकरा बायका, कुणी कुणाच्या नात्यातली नाही, आणि झगे वर घेतलेल्या सगळ्यांच्या पोटऱ्यांवर त्याच गाठी.

सुपरवायझर तोंडाला येईल ते बोलत सुटला. एकेकीला घरी बसवीन म्हणाला. इस्त्रीवालीने त्याच्याकडे मान वळवली नाही.

"कागद पालथा करा, बाई. ती बाजू कोरी आहे."

डॉक्टरणीने कागद पालथा केला.

"रोज किती तास उभ्या असता, ताई?"