ओव्हरटाइमचा वास

बाबांना आताशा पोटची पोरही ओळखू येईना. डॉक्टर म्हणाले, "जुना, ओळखीचा वास देऊन बघा. कधीकधी आठवणी जाग्या होतात."

झालं! लेकीने गावातली अत्तराची दुकानं पालथी घातली. लहानपणी बाबा ओव्हरटाइम करून आले की ती धावत जाऊन त्यांच्या शर्टात नाक खुपसायची. एकविसाव्या बाटलीला तोच वास आला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी उभं राहिलं.

"ताई, हे बायकांचं आहे," दुकानदार म्हणाला.

"असू दे हो. बाबा पहिल्यापासून हौशी!"

आईला विचारण्यात अर्थ नव्हता. तिला जन्मात कसला वास आला नाही. दूध करपलं तरी शेजारी ओरडायचे तेव्हा कळायचं. कान मात्र तिखट. ती उशाशी बसून बाबांना चमच्याने सूप भरवत होती.

लेकीने मनगटाला दोन थेंब लावून हात बाबांच्या नाकाशी नेला. बाबांचे डोळे लकाकले. वर्षभरात पहिल्यांदा ते हसले आणि तिचा हात घट्ट धरून कुजबुजले,


"आज ओव्हरटाइम राहू दे, घरीच ये. आमची ही माहेरी गेलीय!"