शुक्रवारचा दिवा

लग्नात मधुसूदनरावांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव कोरलं आणि अलिबागची रिबेका यमुना झाली. पहिल्याच शुक्रवारी ती माहेरच्या ज्यू रीतीप्रमाणं शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, दिवा लावायला बसली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "आईला कळलं तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही ती. एवढं माझ्यासाठी सोड." तिनं सोडलं. पुढं सासू गेली, तरी शेजारीपाजारी उरलेच होते.

बेचाळीस वर्षांनी, यंदा, छत्रपती संभाजीनगरच्या वार्षिक ज्यू चित्रपट महोत्सवाचे मधुसूदनराव स्वागताध्यक्ष झाले. उद्घाटन शुक्रवारी संध्याकाळी होतं. भाषणात त्यांनी सांगितलं, "माझी पत्नी ज्यू आहे. शुक्रवारचा दिवा आमच्या घरात आम्ही कधी विझू दिला नाही." सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

पहिल्या रांगेत बसलेली त्यांची मुलगी मृण्मयी आईच्या कानाशी लागली, "आई, हा दिवा आपल्याकडं कधी लागायचा गं?"

तेवढ्यात मधुसूदनराव म्हणाले, "दीपप्रज्वलनासाठी मी रिबेकाला बोलावतो." लग्नानंतर त्यांनी तिला या नावानं पहिल्यांदाच हाक मारली, तीही माईकवरून.

ती व्यासपीठावर गेली. पेटती मेणबत्ती तिच्या हातात देत ते पुटपुटले, "जरा फोटोवाल्याकडं बघ."

 

तिनं मेणबत्ती त्यांच्याच हातात परत दिली. "तुम्हीच लावा. मी हा तुमच्यासाठी सोडलाय."